पोलीस संघटना आणि हद्दीचा वाद

पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला पुष्कळदा पहिले उत्तर मिळते ते 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे. पोलिसांच्या स्वतःच्या गाऱ्हाण्यांचेही महाराष्ट्रात गेली चाळीसएक वर्षे हेच झाले आहे. त्यांनी संघटना करावी की करू नये यावर अधूनमधून बोलले जाते. पण करायचीच झाली तर तिची हद्द कुठवर, म्हणजे तिच्यात कोणाला घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. माझ्या मते सगळा पेच इथेच आहे. हद्द चुकीची आखलेली संघटना ही मुळात नसलेल्या संघटनेपेक्षा जास्त नुकसान करू शकते, आणि जगात तशी उदाहरणे आहेत.

रात्री अकराच्या सुमारास मुंबईतल्या एखाद्या ठाण्यात डोकावून पाहावे. टेबलापाशी स्टेशन डायरी उघडून ठाणे अंमलदार बसलेला असतो. कोपऱ्यात वॉकीटॉकीवर नियंत्रण कक्षाचा आवाज खरखरतो. पलीकडून बोलणारा अंमलदार गुन्ह्याच्या जागी सहसा जात नाही, पण गुन्ह्याची पहिली खबर त्याच्याच कानी पडलेली असते. बाहेर व्हॅनचा चालक दार उघडे टाकून पाय ताणून बसला आहे. उत्सवाचे दिवस असतील तर होमगार्डची दोन पोरे बाकावर बंदोबस्ताचा कागद येण्याची वाट पाहत आहेत; त्यांना हजेरीप्रमाणे भत्ता मिळतो, पगार नाही. आतल्या खोलीत उपनिरीक्षक केस डायरी लिहितो आहे. आणि या सर्वांची पगारबिले आणि रजेचे हिशेब मात्र दूर आयुक्तालयात, अंगात खाकी कधी न घातलेल्या लिपिकांच्या कपाटात आहेत. या इतक्या माणसांत पोलीस कोण? रस्त्यावरच्या माणसाला विचाराल तर तो खाकीकडे बोट दाखवील. कायद्याला विचाराल तर तो तुमची नेमणूक कोणत्या कायद्याखाली झाली ते विचारील. संघटनेच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

कायद्याची बाजू आधी पाहू. घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकांना संघ स्थापण्याचा हक्क दिला, आणि ३३व्या अनुच्छेदाने सैन्य व सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या बाबतीत तो आवळण्याचा अधिकार संसदेला दिला. त्या अधिकारातून १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा केंद्रीय कायदा झाला. त्याला जोडलेल्या यादीतल्या कायद्यांखाली ज्याची नेमणूक झाली तो पोलीस दलाचा सदस्य, अशी त्यातली व्याख्या आहे. अशा सदस्याने स्पष्ट मंजुरी घेतल्यावाचून कामगार संघटनेत गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे 'मंजुरी घेतल्यावाचून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायद्याने दार भिंत घालून बुजवलेले नाही, त्याला कुलूप लावले आहे आणि किल्ली सरकारकडे ठेवली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या व्याख्येतून पोलिसांना वगळले होते, पण तिथली शब्दरचना मोठी बोलकी होती. तुरुंगाबद्दल लिहिताना तो कायदा 'अधिकारी किंवा अन्य कर्मचारी' असे म्हणत होता. पोलिसांबद्दल मात्र 'पोलीस सेवेत नोकरीस असलेला' एवढ्यावरच थांबत होता. आयुक्तालयातला लिपिक पोलीस सेवेत आहे, की पोलिसांच्या कचेरीत आहे? या दोन शब्दप्रयोगांतल्या अंतरात शेकडो माणसांचे हक्क अडकतात.

हे अंतर आपल्याकडे बहुधा एकाच दिशेने मिटवले गेले. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर सैनिकी आस्थापनांतल्या नागरी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा प्रश्न आला, तेव्हा आचारी, चौकीदार, न्हावी, सुतार, शिंपी, जोडे शिवणारे हे सगळे ३३व्या अनुच्छेदापुरते 'सैन्याचे सदस्य' ठरले. १९८४ च्या ५०व्या घटनादुरुस्तीने या अनुच्छेदाचा पदर आणखी पसरला आणि गुप्तवार्ता संस्थांबरोबर, दलांसाठी उभारलेल्या दूरसंचार यंत्रणेत किंवा तिच्या संबंधात काम करणारेही त्याखाली आले. जवानांचे केस कापणारा न्हावी सैनिक असेल तर त्याला सैनिकाची वेतनश्रेणी आणि सैनिकाचे निवृत्तिवेतनही असायला हवे होते, ते नव्हते. हक्क काढून घेताना रेघ लांबवर ओढायची आणि देणी द्यायची वेळ आली की ती आखडती घ्यायची, ही मालकाची जुनी सवय आहे. सरकार मालक असले म्हणून ती सवय सुटत नाही.

मग रेघ कशावरून ओढावी? गणवेशावरून नव्हे आणि नुसत्या हुद्द्यावरूनही नव्हे. माझे म्हणणे असे आहे की ती लेखणीवरून ओढावी. ज्याच्या हातात दुसऱ्याची रजा, गोपनीय अहवाल आणि कसुरी, म्हणजे ठपक्याची नोंद, आहे, त्याने त्या दुसऱ्याच्या संघटनेत बसू नये. आणि ज्यांची रजा, अहवाल आणि कसुरी एकाच हाताने लिहिली जाते त्यांच्यामध्ये हुद्द्यांच्या भिंती घालू नयेत. या नियमाचे दोन्ही भाग सारखेच आवश्यक आहेत. पहिला पाळून दुसरा सोडला की संघटना दुबळी होते. दुसरा पाळून पहिला सोडला की ती नागरिकांना जड जाते.

लेखणीची गोष्ट किती खरी आहे हे कामाच्या तासांवरून कळते. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात अंमलदारांसाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेला. या प्रयोगाची मूळ मांडणी एका शिपायाने केलेली होती. आहे त्या मनुष्यबळात तीन पाळ्या कशा बसवता येतील याचा हिशेब त्याने कागदावर मांडला, तो आयुक्तांपर्यंत पोहोचला, आणि आयुक्तांनी तो मनावर घेतला. शिपायाला जे सुचले ते सुचण्याचे कारण उघड आहे: बारा तास उभे राहण्याचे दुखणे त्याच्या पायांत होते. ड्युटीचा तक्ता ज्याच्या सहीने निघतो त्या अधिकाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते, कारण माणसे कमी पडली तर जाब त्याला विचारला जातो. दोघेही प्रामाणिक असू शकतात, पण या प्रश्नावर ते टेबलाच्या एका बाजूला बसू शकत नाहीत. शिवाय ही सुधारणा एका आयुक्ताच्या भल्या मनावर उभी राहिली. मिळालेली सवलत आणि ठरलेला करार यांत फरक असतो, तो पोलीस लाईनीत राहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावा. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी वरिष्ठ बदलला की कशी बदलते हे ती बोटांवर मोजून सांगेल.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांनी काम थांबवले, संघटनेवर सरकारने कारवाई केली, पुढाऱ्यांना अटक झाली, शहरात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या वर्षीच्या जानेवारीपासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप चालू होता, आणि हे दोन संप एकमेकांपासून तोडून पाहता येत नाहीत. वरळीच्या आणि नायगावच्या बीडीडी चाळींत पोलीस आणि गिरणी कामगार एका गॅलरीत राहत होते. दोघांची गावे बरेचदा एकाच तालुक्यातली होती. गेटवर लाठी घेऊन उभा राहणारा आणि गेटसमोर घोषणा देणारा हे दोघे एकाच नेत्याचे अनुयायी झाले तर काय होईल, ही भीती सरकारला वाटली आणि ती निराधार नव्हती. १९१९ सालच्या बॉस्टनमध्येही हेच झाले होते. तिथल्या पोलिसांनी अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या महासंघाशी संलग्न व्हायचे ठरवले, आयुक्ताने ते निषिद्ध ठरवून १९ जणांना निलंबित केले, आणि ९ सप्टेंबरला अकराशेहून अधिक पोलीस संपावर गेले. शहरात लुटालूट झाली, माणसे मेली, गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संपाचा हक्क कोणालाच नाही असे ठणकावले, आणि संपावर गेलेल्यांपैकी कोणालाही कामावर परत घेतले गेले नाही.

या भीतीला उत्तर म्हणून न्यू जर्सी राज्याने कायद्यातच लिहून ठेवले की पोलिसाने ज्या संघटनेत पोलिसांखेरीज इतरांना प्रवेश आहे अशा संघटनेत जाऊ नये. मला ही अट मान्य आहे. पोलीस अंमलदारांची संघटना कोणत्याही राजकीय पक्षाशी किंवा सर्वसाधारण कामगार महासंघाशी जोडलेली नसावी. ज्याला उद्या दोन कामगार संघटनांच्या भांडणात मध्ये उभे राहायचे आहे त्याने त्यांपैकी एकीची वर्गणी भरलेली असू नये. पण या अटीतून निघते ते एवढेच, की संघटना वेगळी असावी. ती असूच नये असे त्यातून निघत नाही. १९८२ चा धडा आपण नेमका उलटा वाचला.

संघटना मान्य केली तरी ती विरजून टाकण्याचा एक मार्ग असतो, आणि दिल्लीत तो वापरला गेला. दिल्ली पोलिसांच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांच्या संघाला १९६६ च्या कायद्यानंतर मान्यता मिळाली होती, पण पुढे नियम असे बदलले की एका हुद्द्याच्या लोकांनी आपापली वेगळी संघटना करावी. शिपायांची एक, हवालदारांची दुसरी, उपनिरीक्षकांची तिसरी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८६ च्या निकालात ३३व्या अनुच्छेदाच्या आधारे हे निर्बंध वैध ठरवले. निकालाच्या कायदेशीरपणाबद्दल माझी तक्रार नाही, शहाणपणाबद्दल आहे. शिपाई आणि हवालदार यांच्यामध्ये भिंत घालण्याने शिस्तीचे काय साधते? हवालदार शिपायाच्या आधी भरती झालेला असतो, त्याला शिकवतो, क्वचित त्याची ड्युटीही लावतो. पण ती लावतो तो साहेबाने दिलेल्या आकड्यांतून, आणि कोणाला रजा मंजूर करणे त्याच्या हातात नसते. दोघांचा गोपनीय अहवाल एकाच दालनात लिहिला जातो. त्यांना वेगळे करण्याचा उपयोग एकच: एकाला दिलेले दुसऱ्याला न देता दोघांना आपसात झुंजवता येते.

आणि हे झुंजणे मालकाच्याही अंगाशी येते, याचा दाखला न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथल्या पोलीस खात्यात गस्तीचे पोलीस, डिटेक्टिव्ह, सार्जंट, लेफ्टनंट आणि कॅप्टन अशा पाच संघटना हुद्द्यांनुसार आहेत. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २०,००० गस्ती पोलिसांनी काही दिवस काम नाकारले, आणि त्यामागचे कारण होते सार्जंटांच्या पगाराशी आपल्या पगाराचे ठरलेले प्रमाण. सार्जंट हा गस्ती पोलिसाचा पर्यवेक्षक असतो, तेव्हा माझ्या नियमाप्रमाणेही ते दोघे वेगळेच बसतील. म्हणजे योग्य जागी ओढलेल्या रेघेचीही किंमत मोजावी लागते हे मी नाकारीत नाही. तोड अशी की संघटना दोन किंवा फार तर तीन असाव्यात आणि पगाराची बोलणी सर्वांशी एकाच वेळी व्हावीत. पाच दारांनी पाच वेळा बोलावले की प्रत्येक जण आधी बाहेर पडलेल्याच्या हातातले ताट पाहणारच. आपल्याकडे केरळात आणि बिहारमध्ये खालच्या अंमलदारांची एक व अधिकाऱ्यांची दुसरी अशी पोलीस संघटनांची रचना वर्षानुवर्षे आहे. तिथे आकाश कोसळलेले नाही.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्या शहरातल्या पोलिसांच्या संघटनेत साधे अधिकारी, सार्जंट आणि लेफ्टनंट असे सगळे एकत्र होते, आणि तिचा त्या वेळचा अध्यक्ष स्वतः लेफ्टनंट होता. यातला दोष व्यक्तीपुरता समजू नये. ज्याने हाताखालच्या माणसाच्या वागण्याची नोंद करायची, त्याच्यावर ठपका ठेवायचा, तोच जर त्याच्या बचावाच्या निधीत वर्गणी भरत असेल, संघटनेच्या निवडणुकीत त्याचे मत मागत असेल, तर ठपक्याच्या कागदावरची शाई आपोआप फिकी होते. भावकीतल्या माणसाने भावकीच्या वाटणीत पंच म्हणून बसू नये हे आपल्या खेड्यांना फार पूर्वी कळले होते. कॅनडातल्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस दलातही मला हाच धोका दिसतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये, व्यवस्थापनाने नेमून दिलेली प्रतिनिधी-योजना ही खरी संघटना नव्हे, असे सांगून पोलिसांचा सामूहिक वाटाघाटींचा हक्क मान्य केला. २०१७ मध्ये कायदा झाला. २०१९ मध्ये राष्ट्रीय पोलीस महासंघाला प्रमाणपत्र मिळाले आणि २०२१ च्या पहिल्या करारातून कॉन्स्टेबलचा कमाल पगार वर्षाला सुमारे ८६,००० डॉलरवरून एक लाख सहा हजारांवर गेला. हे सारे चांगले झाले. पण कायद्याने रेघ ओढली ती इन्स्पेक्टरच्या पायाशी. इन्स्पेक्टर आणि वरचे बाहेर, बाकी सगळे आत. परिणामी दूरच्या गावातल्या ठाण्याचा प्रमुख असलेला सार्जंट किंवा स्टाफ सार्जंट हा त्याच ठाण्यातल्या नवख्या कॉन्स्टेबलबरोबर एकाच संघटनेत आहे. विशाल देशातल्या तुरळक वस्तीत हे सोयीचे असेल, पण अनुकरणीय नाही.

ओहायो राज्याची तोड मला अधिक पटते, जरी ती पहिल्यांदा वाचताना विसंगत वाटते. तिथला कायदा म्हणतो की पोलीस खात्यात 'पर्यवेक्षक' म्हणून वाटाघाटींच्या हक्काला मुकणारा माणूस म्हणजे फक्त प्रमुख, आणि त्याच्या गैरहजेरीत त्याचे अधिकार चालवणारा. म्हणजे सार्जंटांनाही, कॅप्टनांनाही हक्क आहे. मात्र त्याच कायद्याची दुसरी तरतूद सांगते की सार्जंट व त्यावरच्या हुद्द्यांना खालच्या पोलिसांच्या गटात घालता येणार नाही. हक्क सर्वांना, पण ताटे वेगळी. मधल्या अधिकाऱ्याला 'तू साहेब आहेस, तुला संघटना कशाला' असे सांगून वाऱ्यावर सोडणे हे अन्यायाचे आहे. आपल्याकडच्या उपनिरीक्षकाची अवस्था पाहिली की हे लक्षात येते.

बिनतारी यंत्रावर बसणाऱ्यांचा प्रश्न मात्र सगळीकडेच अवघड ठरला आहे. अमेरिकेत आणीबाणीचे फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारच्या २०१८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात कचेरीतल्या आणि प्रशासकीय मदतनिसांच्या गटात घातले आहे, संरक्षण सेवांच्या गटात नाही. गळा कापलेल्या माणसाच्या बायकोला फोनवरून रक्त थांबवायला शिकवणारी बाई तिथे कागदोपत्री कारकून आहे, आणि हे बदलावे म्हणून तिथे चळवळ चालू आहे. कॅनडाच्या माउंटेड पोलिसांत रेडिओवर बसणारे कर्मचारी पोलिसांच्या गटाबाहेर, सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेत आहेत. आपल्याकडे नेमके उलट: घटनाच त्यांना दलाच्या बरोबरीने बांधते. लेखणीची कसोटी लावली तर महाराष्ट्रात उत्तर सोपे आहे. पोलीस बिनतारी विभागातला आणि मोटार परिवहनातला अंमलदार पोलीस म्हणून नेमला जातो, त्याला पोलिसाचीच शिस्त लागू असते, रात्रपाळी आणि बंदोबस्त त्याच्याही वाट्याला येतात. तो अंमलदारांच्या संघटनेत बसतो. आयुक्तालयातला किंवा अधीक्षक कार्यालयातला लिपिक बसत नाही. त्याला नागरी सेवेचे नियम लागू आहेत, कोणाला अटक करण्याचा किंवा बळ वापरण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून त्याच्या संघटनेवर पोलिसाची बंधनेही नसावीत; इतर राज्य कर्मचाऱ्यांबरोबर त्याने बसावे.

मग महाराष्ट्रासाठी माझ्या मते चित्र असे दिसते. शिपायापासून सहायक फौजदारापर्यंत सर्व अंमलदारांची राज्यभर एक संघटना. राज्य राखीव पोलीस दलातले जवान तिच्यातच, पण त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागांसह, कारण महिनोन्महिने गट घेऊन फिरणाऱ्याचे दुखणे ठाण्यात बसणाऱ्याला उमजत नाही. तेलंगणात ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष पोलीस दलातल्या जवानांच्या बायका रस्त्यावर आल्या, त्यानंतर ३९ जवान निलंबित झाले आणि १० जणांना काढून टाकले गेले. त्यांची मूळ तक्रारच अशी होती की दोन पोलिसांना दोन न्याय आहेत. सहायक फौजदार तपास करतो, तरी तो अंमलदारच. दुसऱ्याचे भवितव्य त्याच्या सहीने ठरत नाही.

उपनिरीक्षक आणि सहायक निरीक्षक यांची दुसरी संघटना. यातला उपनिरीक्षक हे माझ्या मांडणीतले सर्वांत डळमळते टोक आहे, हे कबूल केले पाहिजे. खात्यांतर्गत परीक्षा देऊन वर आलेला उपनिरीक्षक काल हवालदारच होता. रात्री तीनला तोच प्रेताचा पंचनामा करतो, आरोपी पळाला तर पहिले निलंबन त्याचेच. मनाने तो अंमलदारांत आहे. पण रात्रपाळीच्या हजेरीत तो उभा राहतो तो हजेरी घेणारा म्हणून, आणि त्याच्या शेऱ्यावर वरचा अधिकारी विसंबतो. शंका असेल तिथे नागरिकाच्या बाजूने निर्णय द्यावा या न्यायाने मी त्याला वेगळा बसवतो. ठाण्याचा प्रभारी निरीक्षक आणि त्यावरचे सर्व मात्र संघटनेच्या बाहेर, कारण वाटाघाटींच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही कोणीतरी बसायला हवे.

हुद्द्याने नव्हे तर कामाच्या स्वरूपाने बाहेर ठेवावे लागतील असेही काही आहेत. आयुक्तांचा स्वीय सहायक, गोपनीय शाखेत सरकारचा प्रस्ताव टंकणारा कर्मचारी, यांनी दोन्ही घरचा पाहुणा होऊ नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागात प्रतिनियुक्तीवर गेलेल्या अंमलदाराचे किंवा अधिकाऱ्याचे सदस्यत्व तेवढ्या काळापुरते गोठवावे. ज्याला उद्या आपल्याच माणसाभोवती सापळा लावायचा आहे त्याला आज त्या माणसाबरोबर पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत उभे करणे दोघांवरही अन्याय आहे. आणि राज्य सुरक्षा महामंडळाचे रक्षक? २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी या महामंडळाकडून ३,००० जण कंत्राटी तत्त्वावर घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा गदारोळ झाला तो पोलिसाच्या जागी कंत्राटी माणूस येतो म्हणून. त्या माणसाच्या हक्कांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. तो पोलीस नसेल तर पोलिसाचे निर्बंधही त्याला नसावेत. त्याला इतर कोणत्याही सुरक्षारक्षकाप्रमाणे संघटनेचे पूर्ण स्वातंत्र्य हवे. गंमत म्हणजे ज्यांच्या पदाच्या नावातच 'पोलीस' आहे त्या पोलीस पाटलांच्या संघटना राज्यात खुशाल आहेत, मानधनासाठी त्यांचे मोर्चेही निघतात, आणि त्यामुळे गावगाडा कुठे अडलेला नाही.

वाटाघाटी कशावर, यालाही हद्द हवी. पगार, तास, घरे, साप्ताहिक सुट्टी, बदल्यांची रीत, गणवेशाचा दर्जा, महिला अंमलदारांसाठी बंदोबस्ताच्या ठिकाणी स्वच्छतागृहे: हे सारे टेबलावर यावे. नागरिकाने केलेली तक्रार, कोठडीतला मृत्यू, गोळीबाराची चौकशी यांतले काहीही कधीही टेबलावर येऊ नये. अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी जे गमावले ते इथे गमावले; पगारवाढीला पैसे नव्हते तेव्हा त्यांनी पोलिसांना चौकशीतल्या सवलती देऊ केल्या, कारण त्या फुकट वाटल्या. पोलीस सुधारणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या प्रकाश सिंह निकालानंतर आपल्याकडे पोलीस तक्रार प्राधिकरणाची कल्पना आली. संघटनेच्या मान्यतेच्या पहिल्याच अटीत लिहावे की प्राधिकरणासमोरच्या कोणत्याही प्रकरणात ती पक्षकार होणार नाही. सदस्याला वकील देणे हा तिचा हक्क आहे, चौकशीची पद्धत ठरवणे हा नाही.

संपाचा हक्क देऊ नये. पण तो काढून घेतल्यावर त्याच्या जागी काहीतरी ठेवावे लागते, नाहीतर वाटाघाटी म्हणजे नुसते अर्ज-विनंत्या होतात. मिशिगनने १९६९ साली पोलीस आणि अग्निशमन दलासाठी सक्तीच्या लवादाचा कायदा केला: बोलणी फिसकटली तर त्रयस्थ लवाद, आणि त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक. आपल्या वित्त विभागाला हे रुचणार नाही, कारण मग गृह विभागाच्या खर्चाचा एक आकडा मंत्रालयाबाहेर ठरेल. मला मात्र वाटते की १९८२ च्या ऑगस्टात असा लवाद अस्तित्वात असता तर लष्कराच्या गाड्या परळला आल्या नसत्या.

हे सगळे करायला घटना बदलावी लागत नाही. केंद्राच्या कायद्यात मंजुरी देण्याची सोय मुळातच आहे. राज्याने एक अधिसूचना तयार करावी, तिच्यात कोण आत आणि कोण बाहेर हे हुद्द्याच्या यादीने न सांगता अधिकाराच्या वर्णनाने सांगावे, आणि वाद झाल्यास निर्णय गृह विभागाकडे न ठेवता एखाद्या निवृत्त न्यायाधीशाकडे सोपवावा. अधिकाराचे वर्णन यासाठी, की हुद्दे बदलत राहतात. महाराष्ट्राने पोलीस नाईक हा हुद्दाच २०२२ मध्ये मोडीत काढला. हुद्द्यांच्या यादीवर बांधलेली संघटना त्या दिवशी एका पायावर उभी राहिली असती. रजेच्या अर्जावर 'मंजूर' लिहिणारा हात मात्र नाईक असताना ज्याचा होता त्याचाच आजही आहे.